शहरचा कचरा आणि गांवची जमीन

शहर स्वच्छ कसें राहील ह्या विषयावर हल्लीं व्याख्यानें होतात, भिंतींवर चित्रें काढलीं जातात आणि दरवर्षीं शहरांची गुणवारी लागून पहिल्या नंबरास बक्षीस मिळतें. ह्या साऱ्या चर्चेंत एका पक्षाचें म्हणणें कोणी विचारलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तो पक्ष म्हणजे शहराच्या वेशीबाहेरचा शेतकरी. कचरा गाडींत भरला कीं शहराच्या लेखीं तो संपला. गाडी मात्र कोठें तरी रिकामी करावीच लागते, आणि ती जेथें रिकामी होते तें ठिकाण बहुधा एखाद्या गांवचें गायरान, मुलकी पड किंवा सोडून दिलेली दगडखाण असतें. म्हणून हा विषय म्युनिसिपालिटीच्या सभासदांनीं आपसांत उरकून टाकण्याचा नाहीं. तो आपल्या मासिकाच्या वाचकांचाही आहे असें आम्हांस वाटतें, व त्या दृष्टीनें पुढील चार शब्द लिहितों.

शहरांतील कचऱ्याचा ढीग नीट पाहिला तर त्यांतला सुमारे निम्मा माल ओला असतो. भाजीचे देठ, फळांच्या साली, उंसाचा चोथा, उष्टें अन्न, मंडईंतील सडलेला पाला, देवळांतील निर्माल्य. हा सारा माल आमच्याच शेतांतून शहरांत गेलेला. ज्वारीचें एक पोतें बाजारांत गेलें म्हणजे त्याबरोबर आमच्या जमिनींतील नत्र, स्फुरद व पालाश हीं द्रव्येंही गेलीं, आणि तीं परत येण्याची वाट आज जवळजवळ बंद आहे. पूर्वीं ती बंद नव्हती. पुण्यास मुठा कालव्यावर उंसाची लागण वाढली त्या काळांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्युनिसिपालिटीचें सोनखत त्या उंसास जात असे. आरंभीं त्याचा विटाळ मानणारे पुष्कळ होते. परंतु शेजाऱ्याच्या फडांतील उंसाचें पेर डोळ्यांनीं पाहिल्यावर विटाळ आपोआप कमी झाला. तेव्हां शहरानें आपला केर कुजवून त्याचें खत करावें आणि शेतकऱ्यानें तें न्यावें, ही गोष्ट आमच्या प्रांतास नवी नाहीं.

ह्या कामास शास्त्राची पक्की जोड मिळाली ती इंदुरास. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत तेथील वनस्पतिविषयक संशोधनसंस्थेचे मुख्य होते. त्यांनीं व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं मिळून शेतींतील टाकाऊ पदार्थांवर १९३१ सालीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि ‘इंदूर पद्धत’ हें नांव देशोदेशीं गेलें. पद्धत सोपी आहे. पालापाचोळा व काडीकचरा ह्यांचा थर, त्यावर शेण, त्यावर गोमूत्र मुरलेली माती व राख, असे थरावर थर द्यावयाचे, पाणी शिंपडून ओल राखावयाची, आणि ढीग तीन वेळां वरखालीं करून त्यांत हवा खेळवावयाची. तीन महिन्यांत खत तयार. पुढें बंगळुरास आचार्य नांवाच्या शास्त्रज्ञांनीं १९३९ सालीं शहरांच्या सोयीची दुसरी रीत बसविली. तींत खंदकांत केर व मैला ह्यांचे थर घालून वरून मातीचा लेप देतात. ढीग वरखालीं करण्याची यातायात नसते, वेळ मात्र चार-सहा महिने लागतो. १९४३ नंतर ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली तेव्हां कित्येक नगरपालिकांनीं असे खंदक खणले.

मग ही वाट मोडली कां? एक कारण सर्वांस ठाऊक आहे. पोत्यांतलें खत स्वस्त व हलकें, तें दुकानांत मिळूं लागलें, आणि कुजलेल्या केराची गाडी ओढून आणण्याचा उत्साह कोणास राहिला नाहीं. दुसरें कारण मात्र आमच्या मतें जास्त महत्त्वाचें आहे, आणि तें हें कीं कचऱ्याची जातच बदलली. हॉवर्डसाहेबांच्या वेळच्या केरांत राख, धूळ, पाला, तबेल्यांतील लीद, चिंध्या आणि फार तर खापऱ्या असत. आजच्या केरांत पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या, कांचेचे तुकडे, औषधांच्या पट्ट्या, घड्याळांचे व खेळण्यांचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइटी, रंगाचे डबे आणि मुलांचे वापरून टाकलेले लंगोट असतात. हें सारें भाजीच्या देठाशीं एकाच बादलींत मिसळलें कीं देठाचें खत होण्याची आशा तेथेंच संपते. १९७० नंतरच्या दशकांत सरकारच्या मदतीनें कांहीं मोठ्या शहरांत यंत्राचे खत-कारखाने निघाले, व त्यांतले बहुतेक थोड्याच वर्षांत बंद पडले. मिसळलेला कचरा यंत्रांत घालून पलीकडून शुद्ध खत निघेल ही समजूत त्या कारखान्यांबरोबर निकालांत निघावयास हवी होती. परंतु ती अजून जिवंत आहे. कोट्यवधींचें यंत्र दाखविलें कीं सभागृहांत ठराव लवकर पास होतो. घराघरांत दोन बादल्या ठेवावयास लावणें हें मतांच्या दृष्टीनें अवघड काम.

ह्या घोटाळ्याचा भार दोन तऱ्हेनें आमच्यावर पडतो. पहिली तऱ्हा अशी. शहरालगतच्या कित्येक गांवांत नगरपालिकेच्या ट्रॉल्या न निवडलेला कचरा फुकट किंवा नाममात्र भाड्यांत शेताच्या बांधावर टाकून जातात. शेतकरी मनांत म्हणतो, फुकट आहे, चार पावसांत कुजेल. पाला कुजतो खरा. पण प्लॅस्टिक कुजत नाहीं. तें नांगराबरोबर जमिनींत पसरतें, पाणी मुरूं देत नाहीं, आणि त्या शेतांत सोडलेलें जनावर तें खाऊन मरतें. खुरपणीस आलेल्या बायांच्या हातापायांत कांच भरते व दुसऱ्या वर्षीं त्या शेतांत मजूर यावयास कबूल होत नाहीं. हें डोळ्यांस दिसणारें नुकसान झालें. न दिसणारें ह्याहून वाईट आहे. सेल, रंग व कथलाचे सांधे ह्यांतून शिसें, कॅडमियम, निकेल असे जड धातु खतांत उतरतात. ते पाण्यानें धुपून जात नाहींत, सूर्यप्रकाशानें मरत नाहींत, एकदां जमिनींत बसले कीं बसले. भोपाळच्या मृदाविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २९ शहरांचीं खतें तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ओला कचरा घराशींच वेगळा काढून केलेल्या खतांत सेंद्रिय द्रव्य जास्त व जड धातु कमी, आणि मिसळलेल्या कचऱ्याच्या खतांत नेमकें उलट, असें त्यांस आढळलें. हा निष्कर्ष प्रत्येक नगरसेवकाच्या टेबलावर चिकटवून ठेवण्याजोगा आहे.

दुसरी तऱ्हा गांवच्या जमिनीची. पुणें शहराचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. त्या शहराचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या दोन गांवांच्या हद्दींत जाऊन पडला. ढिगांतून झिरपणारें काळें पाणी विहिरींत उतरलें, विहिरींचें पाणी पिण्याजोगें राहिलें नाहीं, आणि पाण्यानें भरलेल्या विहिरी दारांत असतां लोकांस टँकरची वाट पाहावी लागली. ढीग पेटले कीं धूर गांवावर येई. ग्रामस्थांनीं अनेकदां गाड्या अडविल्या. २०१४ च्या अखेरीस मोठें आंदोलन होऊन शहरांतील पेट्या ओसंडून वाहिल्या, तेव्हां कोठें शहरवासीयांस त्या गांवांचीं नांवें नीट उच्चारतां येऊं लागलीं. पुढें २०१७ सालीं हीं गांवें महानगरपालिकेंत घेतलीं गेलीं व २०२४ सालीं पुनः वेगळीं काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यांत आली. सरकारी कागदांत गांवाची हद्द अशी इकडून तिकडे सरकली. जमिनीच्या पोटांत गेलेलें पाणी मात्र हद्द पाहून चालत नाहीं.

महसूल खात्यांतील कामाचा आम्हांस जो अनुभव आहे त्यावरून येथें थोडें विस्तारानें लिहिणें इष्ट वाटतें. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत गुरचरण, स्मशान, खळें इत्यादि कामांसाठीं सरकारी जमीन राखून ठेवण्याची तजवीज आहे, व ‘इतर सार्वजनिक प्रयोजन’ असे शब्दही त्यांत आहेत. शहरास कचऱ्यासाठीं जागा पाहिजे असली म्हणजे ह्या शब्दांचा फार उपयोग होतो. मोजणीचा नकाशा निघतो, पंचनाम्यांत ‘सदर जमीन खडकाळ असून निरुपयोगी आहे’ असें वाक्य येतें, आणि कागद वर जातो. आम्ही एका तालुक्याच्या कचेरींत होतों तेव्हां असाच एक कागद फिरतांना पाहिला. ज्या नगरपालिकेची मागणी होती तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. पंचनाम्यांतली ‘निरुपयोगी’ जमीन म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांची पावसाळ्यांतली चरणी होती, आणि तिच्या उतारावर खालीं दोन फर्लांगांत अकरा विहिरी होत्या. विहिरींचा उल्लेख करण्यास त्या छापील नमुन्यांत रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाहीं तें सरकारास दिसत नाहीं, ही कचेरीची रीत. तींत कोणा एकाचा दुष्टपणा असतो असें नाहीं. ग्रामसभेचा ठराव जोडलेला होता. त्यावर सह्या व अंगठे मिळून पुरेसे होते, पण उताराखालच्या अकरा विहिरवाल्यांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नव्हतें. त्यांस सभेची दवंडी ऐकूं आली नव्हती म्हणे.

म्हणून आमचें पहिलें मागणें असें आहे कीं, कोणत्याही गांवच्या जमिनीवर कचऱ्याची गाडी येण्यापूर्वीं उताराच्या दिशेच्या सर्व विहिरींची व कूपनलिकांची यादी सर्व्हे नंबरांसह व्हावी, त्यांचें पाणी आधीं तपासून निकाल ग्रामपंचायतींत लावावा, आणि दरवर्षीं तेंच पाणी पुनः तपासावें. आरंभींचा निकाल हातांत नसला म्हणजे पुढें भरपाई मागतांना ‘तुमच्या विहिरीचें पाणी पूर्वींपासून असेंच होतें’ हें उत्तर मिळतें. हें उत्तर आम्हीं कागदावर वाचलें आहे.

आतां खताच्या हिशेबाकडे वळूं, कारण शहरांचे अधिकारी नेहमीं म्हणतात कीं आम्ही खत करतों पण शेतकरीच तें घेत नाहींत. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत शहरी कंपोस्टाचीं प्रमाणें घालून दिलेलीं आहेत. नत्र शेंकडा ०.८ हून कमी नसावें, स्फुरद व पालाश प्रत्येकीं ०.४ हून कमी नसावें, सेंद्रिय कर्ब शेंकडा १२ असावा, आणि कर्ब व नत्र ह्यांचें गुणोत्तर २० च्या आंत असावें. म्हणजे प्रमाणांत उतरलेल्या एक टन खतांत निदान ८ किलो नत्र येतें. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत २० किलोंहून थोडें अधिक नत्र असतें व गोणीचा भाव तीनशें रुपयांच्या आंत आहे. तेव्हां निव्वळ नत्राच्या दृष्टीनें टनभर शहरी खताची किंमत शंभर-सव्वाशें रुपयांवर जात नाहीं. शहरापासून आपल्या शेतापर्यंत ट्रॉलीचें भाडें काय पडतें तें प्रत्येकानें आपापल्या ठिकाणचें घालून पाहावें. हिशेब कळणारा शेतकरी तें खत घेत नाहीं ह्यांत नवल कसलें?

परंतु हा हिशेब अर्धाच झाला. त्याच टनांत १२० किलो कर्ब आहे, आणि तो युरियाच्या गोणींत नाहीं. आपल्या राज्यांतील पुष्कळ जमिनींचा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खालीं गेलेला आहे. गोठ्यांत जनावरें कमी झालीं, शेणखताचा भाव चढला, आणि पूर्वीं दोन पाळ्यांत निघणारें पीक आतां चार पाळ्या मागतें. ओल धरून ठेवण्याची जमिनीची ताकद कर्बावर असते, हें कोरडवाहू शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणजे हें खत आम्हांस हवें आहे. पण त्याचें मोल सावकाश, दोनतीन वर्षांत पदरांत पडतें, आणि भाडें मात्र आजच मोजावें लागतें.

ह्या ठिकाणीं शहराच्या धोरणाचा खरा प्रश्न येतो. कचरा दूर नेऊन टाकण्यास, ढीग सांभाळण्यास, आग विझविण्यास व शेवटीं तो ढीग उपसण्यास शहरास दर टनामागें खर्च येतोच. ओला कचरा खत होऊन शेतांत गेला तर तो खर्च वांचतो. वांचलेल्या पैशांतून शेताच्या बांधापर्यंतचें भाडें शहरानें द्यावें, ह्यांत शेतकऱ्यावर उपकार नाहीं. तो शहराच्याच जमाखर्चांतला एक रकाना दुसरीकडे नेणें आहे. केंद्र सरकारनें २०१६ सालीं शहरी कंपोस्टावर टनामागें १५०० रुपये मदत जाहीर केली होती, व रासायनिक खताच्या कंपन्यांनीं आपल्या खताबरोबर कंपोस्टही विकावें असें ठरविलें. हेतु चांगला होता. परंतु मदत शेतकऱ्याच्या हातांत न येतां विकणाऱ्याच्या खात्यांत जाई, आणि युरियाच्या गोणीबरोबर दुसरा माल गळ्यांत मारण्याची दुकानदारांची रीत आम्हांस नवी नाहीं. ती योजना २०२१ सालीं थांबली. आपल्या राज्यानेंही ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असें नांव देऊन नगरपालिकांच्या खतास एक छाप मिळवून दिली. छाप असणें बरेंच आहे; पण शेतकरी छापेवर विश्वास ठेवीत नाहीं, तो मागच्या वर्षीं शेजाऱ्याच्या शेतांत काय झालें तें पाहतो. एका लॉटांत कांच निघाली कीं पुढचे दहा लॉट पडून राहतात.

शहरानें मनावर घेतलें तर काम होतें, ह्यास दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. पहिलें पुनः इंदूरचेंच. ज्या शहरांत हॉवर्डसाहेबांनीं ढीग रचले तेथील महापालिकेनें घरोघर वेगळा केलेला कचराच उचलण्याचा नियम कडक पाळला, कचऱ्याचे सहा प्रकार पाडले, देवगुराडिया येथील जुना डोंगर उपसून काढला, आणि त्याच जागीं २०२२ सालीं रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायु करणारा कारखाना सुरू झाला. वायु निघाल्यावर मागें उरतें तें खतच. हा कारखाना एवढा मोठा असूनही चालूं शकतो तो मुख्यतः दारांतल्या बादलीमुळें. दुसरें उदाहरण आपल्या कोंकणांतलें, वेंगुर्ल्याचें. लहानशा नगरपालिकेनें मुख्याधिकारी रामदास कोकरे ह्यांच्या वेळीं कचरा दारांतच निवडून घेण्याची शिस्त बसविली. ओल्याचा वायु व खत, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरांत, आणि जेथें पूर्वीं नाक दाबून जावें लागे त्या कचऱ्याच्या जागीं लोक आतां पाहावयास येतात. आमच्या तालुक्याच्या गांवांस इंदुराहून वेंगुर्ल्याचा कित्ता गिरविणें सोपें जाईल.

सुक्या कचऱ्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, तो वेचणारी माणसें शहरांत आधींपासूनच आहेत. पुण्यास कागद, कांच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ सालीं उभी राहिली व त्यांतून २००८ सालीं ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घराघरांतून निवडलेला कचरा गोळा करतात. त्यांतल्या कित्येकांचे वाडवडील दुष्काळांत गांव सोडून शहरांत गेलेले. नवें कंत्राट देतांना शहर ह्या लोकांस बाजूस सारून एखाद्या कंपनीच्या यंत्रास काम देऊं लागलें तर निवडलेला कचरा पुनः मिसळला जाईल व त्याचा फटका शेवटीं आमच्या बांधावर येईल. म्हणून त्यांच्या मजुरीचा प्रश्न आम्हांस परका वाटूं नये.

आतां आपल्या संघानें काय करावें? शहराकडे मागणी करणाऱ्याजवळ कांहीं तरी वजन पाहिजे, आणि आमचें वजन गिऱ्हाइकाचें आहे. एकटादुकटा शेतकरी एक ट्रॉली नाकारतो तेव्हां ती पुढच्या बांधावर जाते. संघाच्या सभासदांनीं ठराव करून न निवडलेला कचरा आपल्या कोणत्याही शेतांत उतरूं द्यावयाचा नाहीं असें ठरविलें, आणि त्याच ठरावांत प्रमाणांत उतरलेलें इतकें टन खत दर हंगामास घेण्याची हमी दिली, तर तो कागद नगरपालिकेच्या सभेपुढें वाचावाच लागेल. हमीच्या करारांत भाडें शहराकडे असावें. प्रत्येक लॉटाचा नमुना संघाच्या माणसासमोर काढून तिन्ही पुड्या मोहोरबंद कराव्यात, एक प्रयोगशाळेस, एक शहराकडे व एक संघाकडे. आणि निकाल येईपर्यंत माल शहराच्याच आवारांत राहावा. शिसें किलोस १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅम ह्यांवर गेल्यास लॉट परत. खतांतील क्षारांचें मापही विसरूं नये. खत नियंत्रण आदेशानें त्याची कमाल मर्यादा ४ ठरविली आहे. नीरा, प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालच्या क्षारट जमिनींत खारें खत घालणें म्हणजे आजाऱ्यास मीठ चारणें होय, व तेथील सभासदांनीं ही मर्यादा करारांत २ वर आणण्याचा आग्रह धरावा.

निकाल येण्यास दिवस लागतात. तोंपर्यंत शेतकऱ्यानें स्वतःच करून पाहण्याच्या चारदोन गोष्टी आहेत. ढिगांत कोपरापर्यंत हात घालावा. आंत गरम लागलें तर खत कच्चें आहे. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा यावा, आंबूस येऊं नये. चार मिलिमीटरच्या चाळणींतून दहापैकीं नऊ भाग खालीं पडावेत, आणि वर राहिलेल्या भागांत कांच किंवा प्लॅस्टिक किती तें वेगळें काढून तोलावें व वहींत लिहावें. मग कुंडींत निम्में खत व निम्मी माती घालून मेथीचे पन्नास दाणे टाकावे व शेजारीं नुसत्या मातींत पन्नास. आठवड्यांत दोहोंची उगवण मोजली कीं खत पिकलें आहे कीं नाहीं हें कळतें. कच्चें खत शेतांत पडलें तर तें कुजण्यासाठीं जमिनींतलेंच नत्र ओढून घेतें व पीक पिवळें पडतें. मग शेजारीपाजारी म्हणतात, शहरच्या खतानें पीक जळलें, आणि चांगल्या खताचीही नाचक्की होते.

वार्षिक सभा जवळ आली आहे. ठरावाचा मसुदा, विहिरींच्या यादीचा नमुना व खताच्या करारांतील अटी आम्हीं लिहून चिटणीसांकडे दिल्या आहेत. विहिरींच्या नमुन्यांत सर्व्हे नंबर, मालकाचें नांव, खोली, कचऱ्याच्या जागेपासूनचें अंतर व उताराची दिशा असे पांच रकाने आहेत. सहावा घालावा असें ज्यांस वाटेल त्यांनीं सभेपूर्वीं कळवावें. ज्या गांवांत कचऱ्यासाठीं जागा पाहण्यास मोजणीदार येऊन गेला असेल तेथील सभासदांनीं मात्र सभेची वाट न पाहतां यादी आधींच करावी व तलाठ्याकडे देऊन पोंच घ्यावी.